वाणसामानाची यादी आणि घरचे पोषण

पगार हाती पडला, की घरोघर वाणसामानाची यादी तयार होते. ती बहुधा एकाच क्रमाने लिहिली जाते. प्रारंभी साखर, चहा आणि तेल. त्यानंतर तांदूळ आणि गहू. मग साबण, काडेपेटी, बिस्किटे. मध्येच कोठे तरी तूरडाळ एक किलो, मूगडाळ अर्धा किलो. आणि अगदी शेवटी, पैसे उरले तर, शेंगदाणे, मटकी, नाचणी. भाजी, फळे आणि अंडी यांचा यादीत समावेशच नसतो. ती रोजच्या सुट्या पैशांतून यावयाची असतात. दुकानदाराने बेरीज सांगितली आणि ती हिशेबाबाहेर गेली, की यादीला कात्री लागते ती तळाकडून. शेंगदाणे जातात, कडधान्य पुढच्या महिन्यावर जाते, तूरडाळीचा किलो अर्ध्यावर येतो. साखर मात्र जागची हलत नाही.

कुटुंबाच्या पोषणाचा प्रश्न या कात्रीपाशी सुरू होतो. प्रस्तुत लेखात तो उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या ठाणे जिल्ह्यातील तीन शेजारी शहरांच्या संदर्भात मांडला आहे. एकाच लोहमार्गावरील ही शहरे स्वभावाने वेगवेगळी आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैनिकांसाठी ज्या छावण्या उभारण्यात आल्या, त्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे नामकरण उल्हासनगर असे झाले. अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवालयाचे गाव विसाव्या शतकात कारखान्यांचे गाव बनले. रसायने, आगपेट्या, संरक्षण खात्याची निर्माणी आणि पुढे औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत यांनी तेथे दूरदूरचे कामगार आणले. बदलापूर त्या मानाने अलीकडे वाढले. भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि मुंबईत नोकरी करणारी, पहाटेची गाडी पकडणारी हजारो कुटुंबे तेथे राहावयास आली.

या तिन्ही ठिकाणच्या बहुसंख्य कुटुंबांच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे. घरात येणारा प्रत्येक दाणा विकत घेतलेला असतो. गावाकडे परसातील शेवग्याच्या शेंगा, बांधावरची तूर, शेजारून आलेले ताक यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. परंतु आहाराची बरीच उणीव त्यांनी भरून निघते. शहरात हा आधार तुटतो आणि वाणसामानाची यादी हीच कुटुंबाची शेती ठरते.

चार माणसांचे ताट

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. या संस्थेचा उगम १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या संशोधनासाठी सुरू झालेल्या एका लहानशा प्रयोगशाळेत आहे. तेथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांना भारतातील सात निरनिराळ्या लोकसमूहांचे आहार देऊन त्यांची वाढ तपासली. गव्हाची पोळी, दूध, डाळ, भाजी आणि फळे असलेला शिखांचा आहार पहिला आला, पठाणांचा दुसरा आणि मराठी आहार तिसरा. म्हणजे आपला पारंपरिक आहार काही वाईट ठरलेला नाही. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक आणि दाण्याचे कूट या आहाराची सवय सुटणे, हे खरे दुखणे होय.

संस्थेच्या २०२४ च्या शिफारशीनुसार २००० उष्मांकांच्या दैनिक आहारात धान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम (मांसाहारी कुटुंबांत अंडी व मांसमच्छी याच हिश्शातून), दूध वा दही ३०० मिलिलिटर, पालेभाज्यांसह सर्व भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असावे. आता कारखान्यात मध्यम कष्टाचे काम करणारा पुरुष, घरची व बाहेरची कामे करणारी स्त्री, आठ वर्षांचे एक मूल आणि पाच वर्षांचे दुसरे, असे कुटुंब घेऊ. या चौघांची दैनंदिन गरज अनुक्रमे २७१०, २१३०, १७०० आणि १३६० उष्मांक, एकूण ७९०० उष्मांक, इतकी येते. म्हणजे वरील ताटे जवळजवळ चार लागतात. वडिलांच्या ताटात अधिक, धाकट्याच्या ताटात कमी, एवढाच फरक.

या चार ताटांचा तीस दिवसांचा हिशेब मांडला, तर धान्य ३० किलो, डाळी व कडधान्ये १० किलो २०० ग्रॅम, दूध ३६ लिटर, भाजी ४८ किलो, फळे १२ किलो, तेलबिया ४ किलो २०० ग्रॅम आणि तेल सव्वातीन किलो, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर, लागेल. ही यादी आणि आपल्या घरची यादी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. धान्य व तेल यांचे आकडे बहुतेक घरांत जुळतील, तेलाचा आकडा कदाचित ओलांडलेलाही आढळेल. डाळींचा आकडा मात्र निम्म्यावरही पोचणार नाही.

येथे शिधावाटपाचा विचार ओघानेच येतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम २०१३ साली संमत झाला आणि महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून अंमलात आला. या अधिनियमानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास एकत्रित ३५ किलो धान्य मिळते. प्रारंभी तांदूळ ३ रुपये व गहू २ रुपये किलो दराने दिला जात असे. जानेवारी २०२३ पासून तो विनामूल्य करण्यात आला. आपल्या चार जणांच्या कुटुंबाला या हिशेबाने २० किलो धान्य मिळते, म्हणजे ३० किलोंच्या गरजेपैकी दोन तृतीयांश गरज रास्त भाव दुकानातच भागते.

ही मदत लहान नाही. उदाहरणादाखल बाजारात धान्याचा भाव सरासरी ४० रुपये किलो धरला, तर दरमहा ८०० रुपये वाचतात. हरभऱ्याचा भाव ८० रुपये धरला, तर त्याच ८०० रुपयांत १० किलो हरभरा येतो. चारही ताटांची महिन्याची कडधान्याची गरज त्यात जवळजवळ पुरी होते. म्हणजे शिधापत्रिकेवरील तांदूळ-गहू हे केवळ पोट भरण्याचे साधन नव्हे. डाळ घेण्यासाठी मिळालेले ते पैसेही आहेत. प्रत्यक्षात हे मोकळे झालेले पैसे डाळीकडे वळत नाहीत, मोबाइलच्या रिचार्जपासून पुड्यांतील खाऊपर्यंत वाट फुटेल तिकडे जातात. यात कुटुंबाला दोष देण्याचे कारण नाही. वाचलेली रक्कम कोणी हातावर ठेवत नाही, म्हणून ती दिसत नाही.

याची दुसरी बाजूही नमूद करावयास हवी. प्राधान्य गटासाठी शहरी भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये ठरविण्यात आली. शहरातील ही मर्यादा महिन्याला पाच हजारांहूनही कमी पडते. कंत्राटी कामगाराचे नियमित वेतन कागदोपत्री दाखविले, तर तो तिच्या सहज बाहेर जातो. शिवाय राज्याच्या शहरी भागातील ४५.३४ टक्के लोकसंख्येलाच या अधिनियमाचे संरक्षण देता येते, ग्रामीण भागात हे प्रमाण ७६.३२ टक्के आहे. अंबरनाथ तालुक्यातील एखाद्या गावातून उठून दोन मैलांवरील शहरात राहावयास आलेले कुटुंब या दोन आकड्यांमधील अंतर अनुभवत असते. धान्य न मिळणाऱ्या अशा कुटुंबांना तर यादीचा क्रम अधिकच काटेकोरपणे ठरवावा लागतो.

रुपयाला प्रथिने किती?

बाजारात आपण किलोचा भाव विचारतो. तूरडाळ महाग, तांदूळ स्वस्त, असे त्यावरून ठरते. पोषणाच्या दृष्टीने एक रुपयात किती ग्रॅम प्रथिने मिळाली, हा प्रश्न विचारावयास हवा. रीत सोपी आहे. किलोभर पदार्थातील प्रथिनांचे ग्रॅम घ्यावेत आणि त्यांना किलोच्या भावाने भागावे.

तूरडाळीत किलोमागे सुमारे २२० ग्रॅम प्रथिने असतात. भाव १५० रुपये धरला, तर रुपयाला दीड ग्रॅम पडतात. अख्ख्या हरभऱ्यात १७० ग्रॅम. ८० रुपये भावाने रुपयाला दोन ग्रॅमहून थोडी अधिक. शेंगदाण्यात २५० ग्रॅम. १३० रुपये भावाने जवळजवळ दोन ग्रॅम, आणि त्याबरोबर स्निग्धांशही. सोयाबीनमध्ये ४३० ग्रॅमच्या आसपास. ७० रुपये भावाने रुपयाला सहा ग्रॅम. अंड्यात साडेसहा ग्रॅम. सात रुपयांना एक धरले, तर रुपयाला एक ग्रॅमपेक्षा किंचित कमी, पण ही प्रथिने सर्वांत चांगल्या प्रतीची. गाईच्या दुधात लिटरला ३२ ग्रॅम. ५६ रुपये भावाने रुपयाला अर्ध्या ग्रॅमहून जरा जास्त. हे भाव केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. ते दर आठवड्याला बदलतात आणि कल्याणच्या घाऊक बाजारात व बदलापूरच्या कोपऱ्यावरच्या दुकानात एक नसतात. भागाकार मात्र तोच राहतो. सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर त्या दिवशीचे भाव लिहून हे गणित करून घेतले, तर मुले ते घरी सांगितल्याशिवाय राहणार नाहीत.

यावरून दूध घेऊ नये आणि सोयाबीनच खावे, असा अर्थ कोणी काढू नये. सोयाबीनची डाळ आपल्या जिभेला रुळत नाही, हे मान्य करावे. दळणाच्या गव्हात नवव्या-दहाव्या हिश्शाने भाजलेले सोयाबीन मिसळले, तर पोळीची चव फारशी बदलत नाही. सांगण्याचा मुद्दा असा, की तूरडाळ महागली म्हणून वरण पातळ करणे हा उपाय नव्हे. त्या महिन्यात मसूर, चवळी, हरभरा, मटकी यांपैकी जे उतरले असेल, ते घ्यावे. आपल्याकडे तूरडाळीचे वरण हे घराच्या प्रतिष्ठेचे लक्षण मानण्याची रीत आहे. पौष्टिकतेच्या कसोटीवर तिला काही आधार नाही.

या परिसराला तर वालाची देणगी आहे. भात कापल्यावर जमिनीतील ओलीवर येणारे कडवे वाल कर्जत-पनवेलपासून ठाणे जिल्ह्यापर्यंत पिकतात. भिजवून, मोड आणून, सोलून केलेले बिरडे हा मेजवानीचा पदार्थ समजला जात असला, तरी तो मुळात शेतकऱ्याच्या घरचा आहे. मोड आणण्यास इंधन लागत नाही, फक्त आदल्या दिवशी आठवण ठेवावी लागते. मोडामुळे क जीवनसत्त्व तयार होते आणि लोह शरीरात शोषले जाण्यास मदत होते. पहाटे पाचच्या गाडीने जाणाऱ्या घरात ही आठवण ठेवणे किती कठीण असते, याची कल्पना प्रस्तुत लेखकास आहे. रविवारी एकदम तीन प्रकारची कडधान्ये भिजविण्याची सवय काही घरांनी लावून घेतलेली दिसते, ती उपयुक्त आहे.

धान्य आणि डाळ एकत्र खाण्यातही मोठा अर्थ आहे. तांदूळ-गव्हात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. डाळीत मिथिओनिन कमी, ते धान्य पुरविते. तीन भाग धान्यास एक भाग डाळ, असे प्रमाण साधले, की दोघांची उणीव परस्पर भरून निघते. खिचडी, थालीपीठ, आमटी-भात, इडली, दाल-पकवान, सारे या एकाच तत्त्वावर उभे आहेत. घरात खिचडीला तांदूळ तीन वाट्या असतील, तर डाळ एक वाटी हवी, मूठभर नव्हे. वाटी हे माप कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने मराठी स्वयंपाकघरात पक्के केले. वाटी लहान की मोठी, हा वाद येथे उद्भवत नाही. दोन्ही जिन्नस एकाच वाटीने मोजले म्हणजे झाले.

मांसाहारी कुटुंबांनी सुकटीला कमी लेखू नये. वाळलेल्या बोंबलात वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात, आणि चुनाही भरपूर असतो. पावसाळ्यात ताजी मासळी महागते, तेव्हा भाकरीबरोबर मूठभर जवळा घराचे काम भागवितो. मीठ लावून वाळविलेला प्रकार असेल, तर तो धुऊन घ्यावा आणि भाजीत वरून मीठ घालू नये.

साई भाजीचा धडा

लोहाची उणीव ही आपल्या राज्यातील सर्वांत व्यापक आहारविषयक उणीव होय. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. पोट भरलेल्या घरांतही ही स्थिती आहे. घरातील स्त्री सर्वांत शेवटी जेवते आणि भात, कालवणाचा रस व लोणचे यांवर भागविते, हे यामागचे एक कारण सर्वांस ठाऊक असून कोणी बोलत नाही. पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते, स्त्रीला २९ मिलिग्रॅम. आणि पातेल्याच्या तळाशी उरते ते तिच्या वाट्यास येते.

उल्हासनगरच्या घराघरांत शिजणारी साई भाजी या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. भिजविलेली चणाडाळ, भरपूर पालक, त्यात चुका आणि शेपू, शिवाय टोमॅटो, कांदा, बटाटा, वांगे, असे जे हाती असेल ते एकाच भांड्यात शिजवून घोटतात आणि वर लसणाची फोडणी देतात. एका पातेल्यात डाळ, पालेभाजी आणि फळभाजी येते. इंधन एकदाच लागते. तेल थोडे पुरते. आणि घोटलेली असल्यामुळे भाजी निवडून ताटाच्या कडेला लावण्याची सोय मुलांना राहत नाही. सर्वस्व मागे ठेवून आलेल्या कुटुंबांनी छावणीतील तुटपुंज्या साधनांत हा पदार्थ टिकविला, यात आश्चर्य नाही. मराठी घरातील पातळभाजी ही त्याची सख्खी बहीण. अळूच्या किंवा पालकाच्या पातळभाजीत आपण चणाडाळ व शेंगदाणे घालतोच, मात्र बहुधा शोभेपुरते. तेथे हात जरा सैल सोडावा.

पालेभाजीतील लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे. जेवणाबरोबर क जीवनसत्त्व असले, तर ते अधिक प्रमाणात शोषले जाते, आणि चहा असला तर कमी. म्हणून भाजी उतरविल्यावर वरून लिंबू पिळावे; शिजविताना घातले तर त्यातील जीवनसत्त्व बऱ्याच अंशी नष्ट होते. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा टाळावा. हा बदल करण्यास एक पैसाही लागत नाही. तो सर्वांत कठीण मात्र ठरतो, कारण डबा खाल्ला, की कारखान्याच्या दारात चहाची टपरी उभीच असते.

पालेभाजी कोठून घ्यावी, हाही या भागात महत्त्वाचा प्रश्न आहे. उपनगरी लोहमार्गालगतच्या पट्ट्यांत नाल्याच्या पाण्यावर वाढविलेली भाजी अनेकांनी डब्याच्या खिडकीतून पाहिलेली आहे. वालधुनी नदीच्या प्रदूषणाविषयी तर नव्याने सांगावयास नको. भाजी चिरण्यापूर्वी वाहत्या पाण्यात पाने सुटी करून धुतली, तर माती, जंतू व कृमींची अंडी बऱ्याच अंशी जातात. रासायनिक सांडपाण्यातून पानात शिरलेले जड धातू मात्र धुण्याने जात नाहीत, शिजविण्यानेही जात नाहीत. तेथे उपाय घरात नसून नगरपालिकांच्या आणि प्रदूषण नियंत्रणाच्या हाती आहे. गृहिणीला स्वच्छतेचे चार नियम सांगून हा विषय संपविता येणार नाही.

इतर जिन्नस

दूध सर्वांना रोज ३०० मिलिलिटर देणे अनेक घरांना परवडत नाही. अशा वेळी दुधाचा पहिला हक्क मुलांचा. दोन मुलांसाठी महिन्याला १८ लिटर दूध बाजूला काढावे आणि मोठ्यांनी चुन्यासाठी नाचणी, तीळ व पालेभाज्यांकडे वळावे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३४० मिलिग्रॅम चुना असतो, तेवढ्याच गाईच्या दुधात १२० मिलिग्रॅम. नाचणीची आंबील किंवा भाकरी आठवड्यातून तीन-चार वेळा झाली, तरी फरक पडतो. घरातील सर्व दूध चहात घालून मुलांना चहा-बिस्किटांवर शाळेत पाठविणे, हा मात्र दुधाचा अपव्यय होय.

तेलबियांचे नाव घेताच बदाम-अक्रोड डोळ्यांपुढे आणण्याचे कारण नाही. दाण्याचे कूट, तिळाची व कारळ्याची चटणी, जवस, सुके खोबरे हे सारे त्याच रकान्यात येते. कोकणच्या दमट हवेत शेंगदाण्याला बुरशी लवकर लागते. काळपट वा कडवट दाणे निवडून टाकून द्यावेत, कारण त्या बुरशीचे विष यकृतास घातक असते.

साखर आणि मीठ यांचा हिशेब तर एका ओळीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविलेले माणशी २५ ग्रॅमचे प्रमाण धरले, तर चौघांना महिन्याला साखर ३ किलो पुरेशी आहे, आणि त्यात बिस्किटे, सरबते व मिठाईतील साखरही आली. मीठ माणशी रोज ५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम. किलोची पिशवी दीड महिन्याहून अधिक पुरावयास हवी. तिन्ही शहरांत घरोघर आवडीने खाल्ले जाणारे पापड आणि लोणची यांतील मीठ याशिवाय वेगळे मोजू नये, त्यातच धरावे.

फळांच्या बाबतीत सफरचंदाने आपल्या मनावर विनाकारण राज्य केले आहे. आजाऱ्याला भेटावयास जाताना ते न्यावेच लागते, त्याला इलाज नाही. परंतु शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते आणि तेवढ्याच सफरचंदात जेमतेम काही मिलिग्रॅम. हिवाळ्यात पेरू व आवळा, उन्हाळ्याच्या अखेरीस बदलापूरची जांभळे, वर्षभर केळी, असे ऋतुमान धरले तर महिन्याचे १२ किलो अवाक्याबाहेरचे वाटत नाही.

कार्यालये, शाळा आणि दुकाने

शासकीय योजनांची माहिती अनेकदा अर्धवट पोचते आणि त्यामुळे चांगले धान्यही वाया जाते. लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व यांनी समृद्ध केलेला तांदूळ सार्वजनिक वितरण व्यवस्थेतून देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली आणि मार्च २०२४ पर्यंत त्याचा टप्प्याटप्प्याने विस्तार करण्यात आला. त्यात शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात वेगळे तयार केलेले दाणे मिसळलेले होते. ते दिसावयास थोडे निराळे. हा ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ असल्याची आवई अनेक ठिकाणी उठली आणि ज्यासाठी सारा खटाटोप, तेच दाणे घराघरांतून निवडून टाकले गेले. दुकानाच्या दारावर चार ओळींचा फलक आणि शिक्षकाचे एक वाक्य यांनी हे टाळता आले असते.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतांतून वा परजिल्ह्यांतून आलेल्या कामगारांना आपली शिधापत्रिका गावीच राहिली, असे वाटत असते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या योजनेत महाराष्ट्र ऑगस्ट २०१९ मध्ये गुजरातबरोबर प्रथमच सहभागी झाला. अन्नसुरक्षेची शिधापत्रिका असलेले कुटुंब आपल्या वाट्याचे धान्य अंगठ्याच्या ठशावर दुसऱ्या गावीही उचलू शकते, आणि घरातील काहींनी गावी व काहींनी येथे उचलले तरी चालते. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी रोजगारासाठी बाहेर पडणाऱ्यांना हे निघतानाच सांगितले, तर उपयोग अधिक होईल.

डाळीचा प्रश्न धान्यवाटपाने सुटत नाही, हे मात्र मान्य करावयास हवे. राज्य शासनाने २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात रवा, साखर व चणाडाळ प्रत्येकी १ किलो आणि पामतेल १ लिटर होते. सणाच्या दृष्टीने संच उचितच होता. आहाराच्या दृष्टीने पाहिले, तर या चारांपैकी घराला खरी उणीव होती ती चणाडाळीची.

शाळेतील माध्यान्ह भोजनात प्राथमिक वर्गातील मुलासाठी तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम आणि भाजी ५० ग्रॅम असे प्रमाण ठरविण्यात आले, वरच्या प्राथमिक वर्गासाठी ते दीडपट आहे. मुख्याध्यापकांनी पालक सभेत हे प्रमाण सांगावे. मुलाच्या रोजच्या डाळीचा किती हिस्सा शाळेत मिळाला आणि किती घरी मिळावयास हवा, हे पालकांना आकड्यांत कळते.

पावसाळ्याच्या तोंडाशी बदलापूर स्थानकाच्या बाहेर एक वेगळा बाजार भरतो. मलंगगड आणि चंदेरीच्या डोंगरांकडून ठाकूर व कातकरी स्त्रिया शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली घेऊन येतात. बी पेरलेले नाही, खत घातलेले नाही आणि नाल्याचे पाणीही लागलेले नाही, अशी ही भाजी. नवीन वस्तीतील गिऱ्हाईक तिच्याकडे कुतूहलाने पाहते आणि फ्लॉवर घेऊन घरी जाते. विचारले, तर त्या स्त्रिया रीत सांगतात. शेवळ्याने घसा खाजतो, म्हणून त्याच्याबरोबर काकडाची आंबट फळे घ्यावी लागतात, ती त्याच पाटीत असतात. चणाडाळ किंवा सोडे घालून ती शिजवावी. टाकळ्याची कोवळी पानेच खुडावीत, जून पाने कडू लागतात. त्यात भिजलेली मूगडाळ घालावी.

महिनाअखेरीचा आठवडा हा सर्वांत अडचणीचा. त्या दिवसांसाठी एक डबा निराळा ठेवण्याची पद्धत काही घरांत आढळते. महिन्याच्या पहिल्या दिवशीच त्यात दोन किलो चवळी-हरभरा आणि अर्धा किलो शेंगदाणे भरावयाचे आणि पंचवीस तारखेपर्यंत झाकण उघडावयाचे नाही. उरलेल्या पोळ्यांची सिंधी घरात सेयाल मानी होते, मराठी घरात फोडणीची पोळी; तिच्याबरोबर या डब्यातील चवळीची उसळ असली, तर ते जेवण महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील जेवणापेक्षा कमी प्रतीचे ठरत नाही. हा डबा भरावयाचा, तर यादी लिहितानाच चवळी, हरभरा व शेंगदाणे वरच्या तीन ओळींत यावयास हवेत, आणि साखर-चहा त्यांच्या खाली.